आठची मीटिंग

गौरीजेवणाच्या दिवशी शरदिनी बनारसमधल्या महमूरगंजला, थोरल्या भावाच्या घरी पोचली तेव्हा पुरण वाटून झालं होतं, आणि घरात कोणी कोणाशी फारसं बोलत नव्हतं. तिने चपला काढल्या, गौरींपुढे हळदकुंकू वाहिलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. लीलावहिनी ओट्याशी उभ्या होत्या.

"या वन्सं. मोटरीने आलात की रिक्षाने?"

"रिक्षाने. रथयात्रा चौकात जाम होता."

लीलावहिनींनी पडवळाची परात तिच्यापुढे सरकवली. दोघी चिरायला बसल्या. थोड्या वेळाने वहिनींनी मान वर न करता विचारलं, "तुमचं काय ठरलंय?"

"आधी जेवू या, वहिनी."

"श्रीनिवासला काढणार का, एवढंच सांगा. आई म्हणून विचारते. तो रात्र रात्र जागा असतो."

"बिंदुमाधवही जागाच असेल," शरदिनी म्हणाली.

वहिनींनी दुसरं पडवळ हातात घेतलं.

पाळंदे मंडळी वर्षातून एकदाच एका पंगतीला बसत, ती गौरीच्या दिवशी. म्हणून कंपनीची घरगुती बैठकही विश्वेश्वर त्याच दुपारी घेत असत. वडिलांनी, म्हणजे वैद्य ढुंढिराज अण्णांनी, स्वातंत्र्यानंतर दोनतीन वर्षांत ब्रह्माघाटावरच्या एका खोलीत च्यवनप्राश उकळायला सुरुवात केली होती. आता रामनगरला कारखाना होता, चार राज्यांत माल जात होता आणि पाटीवर 'पाळंदे आयुर्वेद' असं होतं. अण्णांनी जाताना तिन्ही मुलांना सारखा हिस्सा दिला होता. थोरले विश्वेश्वर अध्यक्ष झाले. मधल्या प्रल्हादचा हिस्सा त्याच्यामागे त्याच्या मुलीकडे, मृणालिनीकडे आला. ती रामनगरचा कारखाना सांभाळत होती. तिसरा हिस्सा शरदिनीचा. तिने लग्न केलं नाही, जन्मभर कॉलेजात संस्कृत शिकवलं आणि कंपनीच्या कारभारात कधी तोंड घातलं नाही. पण विश्वेश्वर एका बाजूला आणि मृणालिनी दुसऱ्या बाजूला झाली, की तिसरं मत तिचं असे.

विश्वेश्वरांचा मुलगा श्रीनिवास गेली काही वर्षं कंपनी चालवत होता. यंदाचा प्रश्न त्याचा होता.

आषाढात कंपनीचा बिहारचा विक्रीप्रमुख बिंदुमाधव डेहरीहून रात्रीची गाडी हाकत बनारसला परत येत होता. सकाळी आठला सगळ्या विभागप्रमुखांची मीटिंग असे. मोहनियाच्या अलीकडे त्याचा डोळा लागला आणि गाडी रस्त्याकडेला उभ्या ट्रकवर गेली. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

बिंदुमाधव संकठाजींच्या गल्लीत राहणारा, मराठीच. दरवर्षी गौरीला तो आणि त्याची बायको गीता या घरी मेहूण म्हणून जेवायला असत. यंदा त्यांना बोलवायचं की नाही, हे कोणी ठरवलंच नाही. म्हणून कोणी बोलावलं नाही.

जेवणं नेहमीसारखी झाली. विश्वेश्वरांनी पुरणपोळीवर तूप मागून घेतलं. मृणालिनीने आंबील दुसऱ्यांदा घेतली. श्रीनिवासने पानातलं सगळं संपवलं, पण कशाची चव विचारली असती तर त्याला सांगता आली नसती.

मेहुणाचे दोन पाट भिंतीला उभे करून ठेवलेले होते.

*

बैठक पुढच्या खोलीत झाली. विश्वेश्वर आपल्या खुर्चीत बसले, शरदिनी दिवाणावर. लीलावहिनी दारात पान लावत बसल्या. बैठकीत त्या कधीच नसत, पण दारात नेहमी असत.

मृणालिनीने तयारी केली होती. आपण चिडायचं नाही, असं तिने रामनगरहून येताना पुलावरच ठरवलं होतं. वडील गेल्यापासून ती या खोलीत दरवर्षी बसत होती आणि दरवर्षी तिला काकांच्या शेवटच्या वाक्यापुढे गप्प व्हावं लागलं होतं.

"काका, माझं म्हणणं थोडक्यात आहे," ती म्हणाली. "श्रीनिवासने कार्यकारी संचालकपद सोडावं. बिंदुमाधव मरता मरता वाचला, आणि पुढच्या आठवड्यात हा दिल्लीला बक्षीस घ्यायला चाललाय. कशाचं, तर काम करायला सर्वांत आनंदी कंपनी. लोक हसतायत आपल्याला."

"लोक म्हणजे कोण?" विश्वेश्वर म्हणाले.

"आपलेच. रामनगरचे, पाटण्याचे. तोंडावर नाही हसत."

श्रीनिवास म्हणाला, "मृणालताई, बक्षीस मी मागितलं नव्हतं. त्यांनी आपल्याकडे येऊन पाहिलं. सात वाजता ऑफिस बंद होतं, ध्यानाची खोली आहे, दर महिन्याला डॉक्टर येतो. कोणी परेशान असेल तर बोलायला माणूस ठेवलाय. बनारसमध्ये दुसरी एक कंपनी दाखव."

"आणि फोनवरचे चेहरे?"

"त्यात काय वाईट आहे?"

"आत्या, तुला ठाऊक नसेल," मृणालिनी शरदिनीकडे वळली. "आमच्याकडे रोज सकाळी फोनवर एक चेहरा दाबायचा असतो. हसरा, साधा किंवा उदास. आज तुम्ही कसे आहात, ते कंपनीला कळावं म्हणून. उदास दाबला की महमूरगंजच्या ऑफिसातून फोन येतो, काय झालं म्हणून. ज्याच्या हाताखाली उदास चेहरे जास्त, त्या मॅनेजरचे गुण कमी. मग मॅनेजर काय करणार? तो सांगतो, भैया, हसरा दाबा और काम पे लगो. बिंदुमाधवही हेच सांगायचा. अपघाताच्या आदल्या दिवशी त्याने स्वतः हसराच दाबला होता."

शरदिनीने श्रीनिवासकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता, पण तो नजर चुकवत नव्हता.

"गुण मी ठेवले ते मॅनेजरांनी लक्ष द्यावं म्हणून," तो म्हणाला. "नाहीतर कोणी लक्ष देत नाही. मी पाहिलंय ते."

त्याने पाहिलं होतं, हे खरंच होतं. गुडगावला एका मोठ्या कंपनीत तो नोकरीला असताना एके सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये त्याचे पाय चालेनासे झाले होते. मजला आला, दार उघडलं, पण त्याला बाहेर पडता येईना. तो तिथेच खाली बसला. ओळखीची माणसं त्याला वळसा घालून बाहेर गेली. कोणाला वाटलं फोन शोधतोय, कोणी पाहिलंच नाही. त्यानंतर तो बनारसला परतला. बरेच महिने तो आईच्या हातचं खाऊन खोलीत पडून असे आणि विचारलेल्या प्रश्नाला मान हलवून उत्तर देई. बरा झाल्यावर त्याने कंपनी हातात घेतली ती एकाच विचाराने: आपल्याकडे कोणाचं असं होता कामा नये. ते चेहरे, ती खोली, तो डॉक्टर, हे सगळं त्याने मनापासून आणलं होतं. गेल्या दोन महिन्यांत रोज रात्री त्याला हेच कळत नव्हतं, की एवढं सगळं असताना बिंदुमाधव गाडीत बसलाच कसा.

शरदिनी म्हणाली, "श्रीनिवास, त्याने तुला विचारलं होतं का? मीटिंगचं?"

"आदल्या संध्याकाळी फोन आला होता. म्हणाला, डेहरीचं काम लांबलंय, सकाळी तिथूनच फोनवर बोललो तर चालेल का."

"मग?"

"मी म्हटलं, विभागप्रमुखांनी समोर बसायचं असतं. मीटिंग करा, मग दिवसभर आराम करा. ते हो म्हणाले. ठीक है, असं म्हणाले. आत्या, त्यांनी एकदा जरी सांगितलं असतं की मी थकलोय, तर मी ओढून आणलं असतं का त्यांना?"

"सांगितलं नाही."

"नाही."

"ही मीटिंग आठलाच का असते?" शरदिनीने विचारलं. "ऑफिस तर दहाला उघडतं ना तुमचं?"

श्रीनिवास वडिलांकडे पाहत नव्हता, आणि ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

विश्वेश्वर म्हणाले, "आठला असते कारण अण्णांच्या वेळेपासून आठला आहे. अण्णा ओसरीवर बसून हजेरी घेत. मीही घेत आलो. मला सकाळी कामाचं कानावर पडलं की दिवस बरा जातो. यात गैर काय?"

"समोर बसायचं, हे कोणाचं?"

"कोविडात सगळे फोनवर दिसायचे. कोणाचा आवाज येत नसे, कोणाचं तोंड दिसत नसे. मी श्रीनिवासला म्हटलं होतं, हे बंद कर, माणसं समोर हवीत." ते थांबले. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "माणसं पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. तीस-तीस वर्षं आपल्याकडे असलेली माणसं आहेत ती. घरचीच आहेत."

"घरची आहेत म्हणूनच नाही म्हणत नाहीत, दादा," शरदिनी म्हणाली. "तू स्वतः कंपनी चालवायचास तेव्हाही कोणी म्हणत नसे. दिवाळीत माल अडकला तर तू लोकांना लग्नाच्या मांडवातून बोलावून आणायचास. ते यायचे. तू त्यांच्या मुलींना साड्या द्यायचास. मला आठवतंय, मी तेव्हा तुझं कौतुक करायची."

लीलावहिनींनी लावलेलं पान तसंच हातात धरून ठेवलं.

विश्वेश्वरांनी चष्मा काढला. आयुष्यभर त्यांनी निर्णय झटकन घेतले होते आणि तेच त्यांचं बळ मानलं गेलं होतं. आताही त्यांनी तेच केलं. "बरं तर. चूक झाली असेल तर निस्तरायला हवी. श्रीनिवास, तू पद सोड. मृणाल, उद्यापासून तू बस. दिल्लीचं बक्षीसही तूच जाऊन घे, म्हणजे बाहेर चर्चा नको."

श्रीनिवास फक्त "हो बाबा" म्हणाला.

मृणालिनीने मनात बांधलेलं सगळं एका वाक्यात हातात आलं होतं. वडिलांच्या वेळेपासून या खोलीत ज्याला जे मिळालं ते असंच, काकांच्या तोंडून मिळालं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा.

"माझं मत याला नाही," शरदिनी म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहू लागले. सकाळी येताना ती श्रीनिवासला काढायच्याच विचाराने आली होती, आणि घरात सर्वांचा अंदाजही तोच होता.

"का बरं?" विश्वेश्वर म्हणाले.

"हा उठून गेला की तू मोकळा, मृणाल मोकळी, मीही घरी जाऊन झोपेन. बिंदुमाधवचं काय झालं, ते याच्या नावावर टाकून आपण पान खाणार. आणि आठची मीटिंग उद्या आठला होणार." तिने मृणालिनीला विचारलं, "तुला ते चेहऱ्यांचं कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर सगळे म्हणाले असते, हिला खुर्ची हवी आहे."

"हवी आहे ना?"

"हो. हवी आहे."

"मग तेच म्हणायचं होतंस. दोन्ही म्हणायचं होतंस," शरदिनी म्हणाली. आवाजात राग नव्हता. जन्मभर मुलींच्या वह्या तपासल्या त्याच सुरात ती बोलत होती. "माझं म्हणणं ऐका. श्रीनिवास राहील. पण कोणी कधी काम करायचं, कोणी कुठे जायचं, कोणाला सुट्टी द्यायची, हे मृणाल ठरवेल. तिचा शब्द याला फिरवता येणार नाही, दादा, तुलाही नाही. चेहरे बंद. आठची मीटिंग बंद. बक्षीस घ्यायचं नाही, आणि का घेत नाही ते त्यांना स्पष्ट कळवायचं."

"चेहरे बंद का?" श्रीनिवास म्हणाला. सगळ्या दुपारभरात त्याने पहिल्यांदाच आवाज चढवला. "गुण काढून टाकू. पण चेहरे राहू देत. एखाद्याला सांगता येत नसेल, नुसतं दाबता येत असेल, तर? मला तेव्हा एवढंही करता आलं असतं तर—"

तो थांबला. गुडगावविषयी तो या खोलीत कधी बोलला नव्हता.

मृणालिनी त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "गुण नाहीत, मॅनेजरच्या नावावर चढवायचं नाही आणि उदास दाबलं तर फोन महमूरगंजहून नाही, रामनगरहून जाईल. तसं चालेल मला. राहू दे, आत्या."

शरदिनीने मान डोलावली. विश्वेश्वर एकटे पडले होते. ते अध्यक्ष झाल्यापासून असं कधी घडलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुन्हा लावला.

"मग मी सकाळी काय करू?" ते म्हणाले. हा प्रश्न त्यांनी खरोखरच विचारला होता.

"चहा घ्या," दारातून लीलावहिनी म्हणाल्या, "माझ्याबरोबर. मीही आठलाच घेते."

*

श्रीनिवास त्याच दुपारी बिंदुमाधवकडे जायला निघाला. मृणालिनी फाटकापर्यंत आली.

"मी येऊ?"

"नको."

"ऑफिसची फळांची टोपली नेऊ नकोस. मागच्या वेळी गीताने ती तशीच शेजारी देऊन टाकली."

"आईने पुरणपोळ्या दिल्यात."

"त्या ने," ती म्हणाली. दोघं एकाच घरात वाढली होती, पण कितीतरी दिवसांत एवढं सरळ बोलली नव्हती.

मैदागिनला गाडी सोडून तो चालत निघाला. भाद्रपदात गंगा चढलेली असते. संकठाघाटाच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या आणि होड्या वर, गल्लीच्या तोंडाशी आणून बांधल्या होत्या. घाटाघाटाने जाणारी माणसं गल्लीत आली होती, त्यामुळे गर्दी होती. संकठाजींच्या देवळावरून पुढे वळून तो बिंदुमाधवच्या दाराशी आला.

दार नुसतं लोटलेलं होतं. बिंदुमाधव पलंगावर उशीला टेकून बसला होता. शेजारी भिंतीला कुबड्या होत्या. अंगावर चादर होती आणि उजवीकडे ती जिथे सपाट व्हायची, तिथे श्रीनिवासची नजर गेली व तिथून निघेना.

"या. बसा ना," बिंदुमाधव म्हणाला. "गीता देवळात गेलीय. येईल आता."

श्रीनिवास खुर्चीवर बसला. डबा मांडीवरच राहिला. गल्लीतून येताना जुळवलेली वाक्यं त्याला आठवेनात.

"मी त्या दिवशी तुम्हांला या म्हटलं," तो म्हणाला. "तुम्ही फोनवरूनच बोललो तर चालेल का विचारत होता आणि मी नको म्हटलं. ते सांगायला आलोय. दुसरं काही नाही."

बिंदुमाधवने ऐकून घेतलं. "मला माहीत आहे. फोनवर मीच होतो."

"तुम्ही थकला होता ना?"

"खूप. तीन रात्री धड झोप नव्हती."

"सांगितलं का नाही?"

बिंदुमाधव जरा हसला. "सर, तुमच्या आवाजातच होतं की हो म्हणायचंय. आणि तुम्ही लोक चांगले. चांगल्या माणसाला नाही म्हणायला जास्त जोर लागतो. वाईट मालिक असता तर मी डेहरीलाच झोपलो असतो."

श्रीनिवासने मान खाली घातली. त्याने आठची मीटिंग बंद झाल्याचं सांगितलं. बैठकीत काय ठरलं तेही सांगितलं, काही न लपवता, स्वतःच्या पदाविषयीसुद्धा. मग म्हणाला, "तुमची जागा तुमचीच आहे. फिरतीवर नाही. ऑफिसात, तुम्हांला झेपेल तशी, झेपेल तेव्हा."

"विचार करतो."

"अवश्य. मला कधीही—"

"मृणालिनीताईंना सांगेन," बिंदुमाधव म्हणाला. "आता ते त्यांच्याकडे आहे ना?"

"हो," श्रीनिवास म्हणाला. "त्यांच्याकडे आहे."

बाहेर गल्लीत कोणीतरी सांडाला हाकलत होतं. बिंदुमाधवने एकदोनदा दाराकडे पाहिलं, बसल्या जागी चुळबूळ केली. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"काही हवंय का?"

"गीता येईल इतक्यात."

"मला सांगा ना."

बिंदुमाधवने नजर वळवली. "बाथरूमला जायचंय. कुबड्यांवर अजून जमत नाही, ओल्या फरशीवर घसरतात. गीता धरते."

श्रीनिवास उठला. डबा खुर्चीवर ठेवला. हा माणूस त्याच्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठा होता. श्रीनिवास शाळेत असताना हा त्याला दुकानातून आवळ्याच्या गोळ्या काढून देत असे. त्याने पुढे होऊन बिंदुमाधवचा डावा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"तिकडून नको. या बाजूने या. जो पाय नाही त्या बाजूने."

तो उजवीकडे गेला. बिंदुमाधवने खांदा घट्ट पकडला, श्वास घेतला आणि उभा राहिला. त्याचा सगळा भार एकदम आला. एवढा भार येईल असं श्रीनिवासला वाटलं नव्हतं; तो जरा कलला, मग सावरला आणि सवयीने पुढे चालू लागला.

"थांबा," बिंदुमाधव म्हणाला. "घाई नको. मी म्हणेन तेव्हा."

श्रीनिवास थांबला. बिंदुमाधवचा श्वास त्याच्या कानाशी लागत होता. त्याच्याकडून "चला" असं ऐकू येईपर्यंत तो तिथेच, खांदा देऊन, उभा राहिला.